धोंड्याच्या ताटावर मागितलेला चर

प्रकाशाचा वेग किती हे सांगणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण "अरे बाबा, वळणावर जरा जपून" असं त्या प्रकाशाला दरडावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा साडू आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून आंदर मावळातल्या डोंगरकुशीतल्या वाड्यांपर्यंत जमिनीखालून काचेच्या तंतूंची केबल गेली आहे. ती टाकली जात होती तेव्हा हा गृहस्थ चराच्या काठावर उभा राहून मजुरांवर ओरडणारा तरुण सुपरवायझर होता, आणि आज तिच्या देखभालीचा प्रमुख म्हणून तो साऱ्या मावळावर ओरडतो. लोक म्हणतात केबल कंपनीची आहे. साडूला हे मान्य नाही. केबल त्याची आहे. कंपनीला त्याने ती वापरायला दिली आहे आणि कंपनी ती नीट वापरत नाही अशी त्याची कायमची तक्रार आहे.

केसाएवढी ती काच त्याच्या डोक्यात इतकी भिनली आहे की आता केसाकडेही तो केस म्हणून बघू शकत नाही. एकदा आमच्याकडे जेवायला आला असताना त्याच्या वांग्याच्या भाजीत एक केस निघाला. दुसरा कुणी असता तर त्याने तो हळूच ताटाखाली सरकवला असता. साडूने तो चिमटीत धरला, ट्यूबलाइटसमोर नेला, एक डोळा मिटला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "केसच आहे. काच असती तर टोक चमकलं असतं. घाबरू नका, जेवा." माझी बायको त्या संध्याकाळी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. बाईच्या जिवावरचं ओझं उतरल्यामुळे ती गप्प झाली असावी, असा त्याचा आजतागायत समज आहे.

केबल फार आवळून वळवली तर आतला उजेड बाहेर जातो. साडू 'जातो' म्हणत नाही, 'सांडतो' म्हणतो. आणि म्हणताना त्याचा चेहरा दुधाचं पातेलं लवंडल्यासारखा होतो. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू करकचून वळवलेली त्याला बघवत नाही. बागेतला पाइप, कपडे वाळत घालायची दोरी, इस्त्रीची वायर, सगळं तो उलगडून मोठ्या मोठ्या वेढ्यांत पुन्हा घालून ठेवतो. कामशेतला एका लग्नात मांडववाल्याने वायरचं भेंडोळं स्टेजमागे फेकलेलं याने पाहिलं मात्र, ते स्टेजवर आणून आठाच्या आकड्यात नीट मांडायला घेतलं. नवरा-नवरी, दोन्हीकडचे मामा आणि फोटोग्राफर हे सारे वायर मांडून होईपर्यंत खाली ताटकळत उभे. दिवाळीत मेव्हणी चकल्या पाडत असली की हा तिच्या खांद्यावरून डोकावतो. "आतला वेढा फार आवळलास. उजेड सांडेल." "चकलीत उजेड नसतो हो, भाजणी असते!" मेव्हणी सोऱ्या आपटत म्हणते. "तत्त्व तेच," हा म्हणतो, आणि त्यातल्या त्यात सैल वेढ्याची चकली उचलून निघून जातो.

त्याच्या लेखी मावळ दोन आहेत. एक वरचं, तुम्हाआम्हाला दिसणारं, आणि दुसरं खालचं, खरं. वलवणला त्याच्या घरी कसं यायचं असं विचारलंत तर तो खालच्या मावळातला पत्ता देतो. "जुन्या हायवेने सरळ या. आमचा दुसरा जॉइंट गेला की डावीकडे वळा." "जॉइंट दिसतो का पण?" "दिसला तर मग आम्ही पुरला कशाला?" माझे एक मित्र या पत्त्यावर विसंबून थेट वलवण धरणाच्या भिंतीशी पोचले आणि तिथून त्यांनी फोन केला, तर साडू त्यांच्यावर खूश. "बघा, चुकलात तरी आमच्याच लाइनीवर चुकलात!"

जेसीबी दिसला की त्याची गाडी आपोआप थांबते. खोदाईच्या एका फटक्यात अर्धा मावळ मुका होऊ शकतो, या भीतीने त्याने तालुक्यातल्या झाडून सगळ्या जेसीबीवाल्यांशी घरोबा केला आहे. दर दसऱ्याला तो चिक्कीचे खोके घेऊन निघतो. यंत्राच्या दातांना हळदकुंकू लावतो, ड्रायव्हरच्या हातावर चिक्की ठेवतो आणि म्हणतो, "खा. आणि खोरं जमिनीला लावायच्या आधी मला फोन." परिणाम असा की आता जेसीबीवाले त्याला सगळ्यासाठीच फोन करतात. एकाने लेकीसाठी स्थळ आलंय, मुलगा कसा आहे विचारलं. साडूने दोन दिवस चौकशी करून कळवलं, "मुलगा चांगला आहे. त्यांच्या अंगणातून आमची केबल जाते, कधी धक्का लागलेला नाही." लग्न जमलं.

पण त्याचा अभिमान कळसाला पोचलेला बघायचा असेल तर त्याच्याबरोबर रविवारी लोणावळ्याच्या एखाद्या पॉइंटवर जावं. बाकीची जनता दरीतलं धुकं बघत असते, हा जनतेच्या हातातले फोन बघत असतो. एकदा एक नवं जोडपं कठड्याशी फोटो काढत होतं. साडू कणीस खात खात त्यांच्यापाशी गेला.

"गेला का?"

"काय गेला?" नवरा दचकला.

"फोटो हो."

"हो… आईला पाठवला."

"आई कुठे असतात?"

"नागपूरला."

"नागपूर!" साडूने कणसासकट दोन्ही हात पसरले आणि आमच्याकडे वळून तो ओरडला, "साडूभाऊ, नागपूर! आत्ता माझ्या पायाखालून गेला!" नवरी नवऱ्याच्या मागे सरकली. नवऱ्याने पायाखाली बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली, पण खरं सांगायचं तर माझीही छाती दोन बोटं फुगली होती. माणूस कितीही चक्रम असो, नागपूर म्हणजे काही थोडकं नाही.

असा हा बोलघेवडा माणूस मागच्या पावसाळ्यात अचानक गप्प झाला.

झालं होतं असं की आंदर मावळातली केबल एकाच रस्त्याने आत जायची आणि शेवटच्या वाडीशी संपायची. एका पायावर उभं राहिल्यासारखं. तो पाय कुठे मोडला की पुढचं सगळं खोरं मुकं, कारण डोंगरावरचे मोबाइलचे टॉवरसुद्धा याच केबलवर जगतात. मागच्या आषाढात दरड आली आणि रस्ता केबलसकट खाली घेऊन गेली. त्या दिवसांत एका गावची सून अडली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावून लावून हात टेकले. शेवटी लोकांनी तिला टेंपोत घालून कच्च्या वाटेने नेलं आणि ती टेंपोतच बाळंत झाली. आई सुखरूप, मुलगी सुखरूप. साडू चिखल तुडवत तिथे पोचला, ताडपत्रीखाली बसून त्याने काचा जोडल्या, फोन सुरू झाले. तेव्हा नर्सबाई त्याला शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हा फोन त्या दिवशी लागायला पाहिजे होता." बस, एवढंच. त्यांनी दोष दिला असता तर साडू तासभर भांडला असता. दोष न दिल्यामुळे तो घरी येऊन नुसता बसून राहिला. आमटीत बोट बुडवून ताटात एक गोल काढायचा आणि बघत बसायचा. मी विचारलं, तर म्हणाला, "रिंग. दुसऱ्या अंगाने दुसरी केबल न्यायची आणि पहिलीला शेवटी भिडवायची. मग इकडून तुटली तर उजेड तिकडून फिरून जातो. पुढच्या पावसाच्या आत झाली पाहिजे, साडूभाऊ. नाहीतर मला तोंड दाखवायला जागा नाही."

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कंपनीला त्याने मंजुरीसाठी इतकं छळलं की मंजुरी देणं सोपं वाटू लागलं. ओढ्याच्या काठाने चर खणत खणत दुसरी केबल वर सरकत राहिली, आणि पहिलीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबली. एका बाजूला जंगल, त्याची परवानगी वर्षभर येणार नाही. दुसऱ्या बाजूला ओढ्याचा कडा. मधे भाताची खाचरं. आणि ती खाचरं कुणाची? आमच्या सासऱ्यांची. म्हणजे माझ्याही आणि त्याच्याही.

आमचे सासरे, गावाचे आबा आणि आम्हा दोन्ही जावयांचे मामा, हा एक वेगळाच किल्ला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी कुणीतरी गोड बोलून त्यांच्या बांधातून पाण्याचा पाइप नेला होता. त्यानंतर बांध पाझरू लागला, खाचरात पाणी ठरेना आणि उभं भात वाळलं. तेव्हापासून त्या बांधाला परक्याची कुदळ लागलेली नाही. कंपनीची माणसं भरपाईचं बोलायला गेली तर मामा म्हणाले, "पैशानं पानी थांबतंय व्हय?" आणि त्यांना ताक पाजून वाटेला लावलं. आपल्या कंपनीचा देखभालप्रमुख याच घरचा जावई आहे, हे साडूने त्या माणसांना कळू दिलं नव्हतं. "तुम्हीच विचारा ना मामांना," मी म्हटलं. "जावयाने सासऱ्याच्या जमिनीचा विषय काढायचा?" तो एवढासा होऊन म्हणाला, "उद्या सगळं खोरं म्हणेल, बघा, डोळा होता बांधावर." आणि मेव्हणीने तर निक्षून सांगितलं होतं की माहेरी जमिनीचं नाव काढाल तर मी तिथेच राहीन, तुम्ही एकटे परत जा.

आणि अधिक महिना आला, तोही नेमका ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर. अधिक महिन्यात म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जावई हा नारायण. त्याला सासरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं ताट दिव्यासकट हातात द्यायचं. मामींचं आम्हा दोघांना आवतण आलं. वाटेत गाडीत साडू काही बोलला नाही. मला वाटलं, पोट राखतोय.

दुपारी आम्ही दोघे नारायण शेजारी शेजारी पाटावर बसलो. रांगोळी, उदबत्ती, तुपाची धार. मामांनी स्वच्छ टोपी घातली होती. ताट वाढून झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे मला, थोरल्या जावयाला, विचारलं, "पावणं, काय कमीजास्त? मागा, संकोच करू नगा." याला उत्तर देण्याचीही रीत आहे. मी दिलं, "सगळं भरून पावलं मामा, तुमचा आशीर्वाद असू द्या." मामा समाधानाने साडूकडे वळले. "आन तुमी, पावणं? मागा."

साडूने हातातला धोंडा ताटात ठेवला.

"मागू?"

या नाटकात हे वाक्यच नव्हतं. मामांनी मामींकडे पाहिलं. "मागा की," ते म्हणाले, पण सावधपणे.

"चर."

"काय?"

"तुमच्या बांधातनं एक चर. हातभर रुंद, कमरेएवढा खोल. तेवढा द्या, बाकी मला काही नको."

मामी माझ्या धोंड्यावर तूप वाढत होत्या. त्यांचा हात थांबला, धार थांबली नाही. मेव्हणी दारातून "अहो!" एवढंच म्हणाली, पण त्या अहोमध्ये पुढचं सगळं चातुर्मासाचं वेळापत्रक होतं.

"धोंड्याला लोक अंगठी मागत्यात," मामा सावकाश म्हणाले, "फटफटी मागत्यात. तुमी माजा बांध मागताय व्हय?"

"बांध नको, मामा. बांध तुमचाच. बांधाखालची जागा द्या."

"आन पानी?"

"पाणी मी थांबवतो."

"तुमी?" मामांनी त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "बांध घालाय येतो का तुमाला?"

"शिकतो."

माझ्या ताटात तुपाचं तळं झालं होतं आणि त्या गंभीर प्रसंगात मी ते खायला लागणं बरं दिसलं नसतं. शेवटी मामी बोलल्या. "पल्याडची पोर टेंपोत बाळंत झाली, तवा घरात बसून कोन म्हनलं हुतं, फोन लागाय पायजे हुता? तुमीच न्हवं? आन आता नारायण पाटावर बसवून त्येला न्हाई म्हनताय?"

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "दिला," ते म्हणाले. "पर बांध तुमी सोता घालायचा. मशीन न्हाई, मजूर न्हाई. आन पाझरला तर तुमची ती काच मी हातानं उपटून वड्यात टाकीन." मग माझ्याकडे वळून, "थोरलं पावणं, तुमाला काय नगं ना? मंग तुमी चिखल तुडवाया या."

अशा रीतीने आशीर्वादाखेरीज काही न मागितलेला मी दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिकणमातीत उभा होतो. साडूने चर खणला, नळी टाकली, केबल सोडली. बांधाच्या कोपऱ्यावर ती वळवताना तो ओणवा होऊन तिच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता.

"कुनाशी बोलत्यात?" मामांनी मला विचारलं.

"उजेडाशी."

"असं व्हय," मामा म्हणाले. "ऐकतोय का त्यो?"

मग मातीचा थर, पाणी, गवताची ढेकळं, पुन्हा माती, आणि प्रत्येक थरावर आम्ही दोघे साडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तुडवतोय. गाव बघायला जमलं. "टाच मारा, टाच!" मामा धोंडीवर बसून ओरडत होते. "लग्नात नाचल्यावानी नाचू नगा!" तिन्हीसांजेच्या आत बांध उभा राहिला. शेवटचा जोड मारून साडूने मीटर लावला, त्याकडे बघितलं, आणि माझ्या चिखलाने माखलेल्या पाठीवर त्याने असा रट्टा घातला की मी खाचरात बसलो. रिंग पूर्ण झाली होती.

आषाढात एका रविवारी मी वलवणला त्याच्याकडे गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता, आत कांद्याची भजी चालली होती. साडूच्या फोनवर कंपनीच्या कंट्रोल रूमचा निरोप आला. आंदर मावळात दरड आली होती. तीच जागा, तोच रस्ता, तीच केबल. त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या रिंगचा एक तुकडा लाल झाला होता. उरलेली सगळी हिरवी. पुढचे सगळे टॉवर हिरवे, उपकेंद्र हिरवं. माणसं दरडीकडे रवाना करून तो खुर्चीत बसला आणि फोनकडे बघत राहिला. बराच वेळ फोन वाजला नाही.

"अभिनंदन, साडूभाऊ," मी म्हटलं.

"कुणाला कळलंच नाही," तो म्हणाला. "सगळं खोरं आत्ता बोलतंय. आणि कुणाला काही कळलं नाही." हे सांगताना त्याचा चेहरा आनंदाने फुललेला होता आणि थोडासा पडलेलाही.

तेवढ्यात फोन वाजला. मामा.

"पावणं! बांध पाझरतोय तुमचा. कोपऱ्यातनं. सकाळधरनं बघतोय, आता बोललो. काय टाच मारली हुती का गंमत केली हुती?"

साडूने फोन स्पीकरवर टाकला आणि डोळे मिटून घेतले. "बोला मामा, अजून बोला."

"अजून काय बोलू? कुदळ घिऊन या!"

"माझा आवाज कसा येतोय तिकडे?"

"खनखनीत येतोय. कानात वराडू नगा."

मी पुढे वाकून म्हणू लागलो, "मामा, अहो हा तुमचा फोन आत्ता…" तर साडूने माझ्या तोंडावर भज्याच्या तेलाचा हात दाबला. फोन ठेवल्यावर मी चिडून विचारलं, "सांगू का दिलं नाहीत? आज सांगायचं नाही तर कधी?"

"त्यांना बांधाची काळजी आहे," तो रेनकोट शोधत म्हणाला. "ती त्यांना करू द्या. दुसरी काळजी माझी."

दरडीवर त्याची माणसं होती, तिथे त्याची गरज नव्हती. ओढ्याकडच्या वाटेने आम्ही दोघे सासरी पोचलो. लावणी होऊन गेली होती, खाचरं हिरवीगार भरलेली होती. कोपऱ्यातून करंगळीएवढी पाण्याची धार येत होती. साडू गुडघ्यांवर बसला, चिकणमातीचा गोळा त्याने त्या जागी दाबला आणि त्यावर तळहात ठेवून थांबला. आमच्या मागे डोक्यावर इरलं घेऊन मामा उभे होते. त्यांच्या फोनवर साडूची लेक होती, ती पुण्याला हॉस्टेलात असते.

"काय न्हाई गं," मामा तिला सांगत होते, "तुजा बाप हाय हितं, बांध लिंपतोय. पाऊस हाय लय. तुजं काय, जेवलीस का? व्हय, व्हय, ऐकू येतंय की. शेजारी बसल्यावानी येतंय."

पाझर थांबला होता. साडूने हात काढला नाही. पावसात तसाच ओणवा बसून तो आजोबा आणि नातीचं बोलणं ऐकत राहिला. मामा बराच वेळ बोलत होते.